नुकताच पार पडलेला सत्कार

माझी बातमी चुकत नाही. ही फुशारकी नाही, नोंद आहे! 'दैनिक वनधारा'चा कोसमटोला प्रतिनिधी म्हणून मी लागलो तेव्हा बातमी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती चंद्रपूरला पाठवायचो. आता ती मोबाइलवरून जाते. गाडी बदलली, माल तोच. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही बातमीवर पेपरला खुलासा छापावा लागलेला नाही. या काळात गावात पूल पडला, पाण्याची टाकी पडली, मंडप तर किती पडले! माझी बातमी उभी!

याचं कारण सांगतो. कार्यक्रमाची बातमी मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहितो.

दचकू नका! आमच्या जंगलात वारा सुटला की लाईन जाते, लाईन गेली की टॉवर जातो, आणि तिकडे चंद्रपूरला छापायचं पान संध्याकाळीच लागतं. कार्यक्रम संपायची वाट पाहिली तर बातमी शिळी होऊन जाते. शिवाय कार्यक्रमात वेगळं घडतं काय? दीपप्रज्वलन होतं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह होतं. प्रमुख पाहुणे मार्मिक भाषण करतात, सत्कारमूर्ती भारावतात, उपस्थितांचे डोळे पाणावतात. पाहुण्यांनी श्रीफळ दिलं आणि सत्कारमूर्तीनं ते परत फेकून मारलं, असं आजवर तालुक्यात झालेलं नाही. मी आदल्या दिवशी लिहून पाठवतो, दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ताडून पाहतो, फरक पडला तर डेस्कला फोन करायचा असं ठरवून ठेवलं आहे. फोन करायची वेळच येत नाही. लोक माझ्या बातमीबरहुकूम वागतात!

या बिनचूक पद्धतीला तडा गेला तो सुलतानाआपांच्या सत्कारात.

आमच्या गावात कॅथलिक सिस्टर लोकांची शाळा आहे. तिला एक लांबलचक नाव आहे, पण ते फक्त दाखल्यावर. गाव म्हणतं 'सिस्टरची शाळा'. सुलतानाआपा तिथल्याच. बालवाडीपासून दहावीपर्यंत तिथे शिकल्या. माझ्या दोन वर्ग पुढे होत्या आणि तेव्हाही मला ओरडायच्या. पुढे चौकातल्या सायकलच्या दुकानवाल्या इनायतभाईंशी लग्न झालं, मुलं मोठी झाली, कामाला लागली. मग एके दिवशी शाळेत वानरं शिरली म्हणून आपा काठी घेऊन हाकलायला गेल्या. त्या अजून परत आलेल्या नाहीत!

पद नाही, पगार नाही, हजेरी मात्र शिपायाच्या आधी. फाटकावर नखं तपासतात. स्नेहसंमेलनात पडद्यामागून संवाद सांगतात, इतक्या मोठ्यानं की नटाला बोलावंच लागत नाही. नाताळच्या देखाव्यातला उंट त्यांनी घरच्या पोत्याचा शिवला आहे. तो रानडुकरासारखा दिसतो, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची छाती फादरचीही नाही. आणि परीक्षेच्या दिवसांत वानरं छपरावर नाचू लागली की आपा घमेल्यात निखारे टाकून वाळल्या मिरच्यांची धुरी देतात. वानरं पळतात. पेपर लिहिणारी पोरंही पळतात, पण परत येतात.

अशा बाईचा सत्कार व्हायला हवा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. अडचण आपांचीच! शिक्षकदिनी एकदा मंचावरून त्यांचं नाव पुकारलं, तर "गॅसवर दूध हाये" म्हणत मागच्या फाटकानं पसार! तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर रोझिलींनी मला बोलावलं. सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या आहेत, त्यामुळे ती आमच्यापेक्षा शुद्ध आहे. मी माजी विद्यार्थी संघाचा सचिव. संघात बाकी कुणी येत नाही.

"धनराजजी, हा सत्कार सुलतानाला न कळवता करायचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण या शाळेत मी तिला न कळवता घंटासुद्धा वाजवलेली नाही."

"सिस्टर, तुमी काळजीच करू नका," मी म्हणालो. "सगळं मायावर सोडा."

शनिवार, दुपारी चार. मंडप, खुर्च्या आणि माईक बिरजू मंडपवाल्याकडे. प्रमुख पाहुणे रेंजर साहेब. पाहुण्यांच्या स्वागताला जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, लालसूभाऊंचा रेला हा गोंडी फेराचा नाच करणारा संच. त्यांच्या टोल्यावरची पोरं याच शाळेत शिकतात. आपांना सांगायचं की शनिवारी शाळेला सुट्टी. शुक्रवारी सगळं पक्कं झालं, आणि मी बातमी लिहायला बसलो.

'कोसमटोला : निःस्वार्थ सेवेने शाळेला वाहून घेतलेल्या माजी विद्यार्थिनी सुलताना शेख यांचा हृद्य सत्कार सोहळा नुकताच भव्य मंडपात थाटात पार पडला. मुख्याध्यापिका सिस्टर रोझिली यांनी अश्रू आवरत प्रास्ताविक केले. रेला नृत्याने पाहुण्यांचे स्वागत झाले. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी मार्मिक भाषण केले. शाल व श्रीफळ देऊन सुलताना शेख यांचा गौरव करण्यात आला. "ही शाळा म्हणजे माझे दुसरे माहेर आहे," असे भावोद्गार सुलताना शेख यांनी सत्काराला उत्तर देताना काढले. उपस्थितांचे डोळे पाणावले. नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते. कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी सुलताना शेख यांनी परिश्रम घेतले.'

शेवटची ओळ हातानं आपोआप लिहिली. या शाळेची प्रत्येक बातमी त्याच ओळीनं संपते. हाताला काय कळणार सत्कार कोणाचा! वर ठळक अक्षरांत 'रविवारच्या अंकासाठी' असं लिहिलं, बातमी पाठवली आणि निवांत झोपलो.

शनिवारी सकाळी जाग आली ती पेपर छातीवर आदळल्यानं. रुखमा, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कार्यक्रम उरकून आले? मी नवी साडी इस्तरी करून ठेवली अन् तुमी मले सोडून गेले!"

"कोणता कार्यक्रम?"

"आपाचा सत्कार! सातव्या पानावर हाये."

मी पेपर पाहिला. बातमी होती. चौकटीत होती!

"अवो, हा कार्यक्रम झाला नाई अजून," मी म्हणालो.

"पेपरात आलं!"

"पेपरात मीच लिहिलं!"

"मंग झालाच असन," रुखमा म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

मी डेस्कवरच्या लोकेशला फोन लावला. आमच्या बातम्या तोच लावतो.

"भाऊ, तुम्ही वाचवलं काल!" लोकेश खुशीत होता. "सातव्या पानावरची ट्रॅक्टरची जाहिरात ऐनवेळी गळली. एवढं मोठं भोक! तुमची बातमी टाकली तर अशी बसली, जशी शिंप्यानं माप घेऊन शिवली!"

"अरे, वर रविवार लिहिलं होतं ना!"

"वरचं मी वाचत नाही भाऊ. वर सगळेच 'फोटोसह ठळक छापणे' लिहितात."

"कार्यक्रम आज चार वाजता हाये, लोकेश."

लोकेशचा आवाज एकदम खाली आला. "भाऊ, काहीही करा, खुलासा येऊ देऊ नका. मालक नवीन आहेत. खुलासा आला की प्रतिनिधी बदलतात. मागच्या महिन्यात दोघांची ओळखपत्रं जमा झाली."

वाचकहो, माझ्या स्कूटरवर पुढे 'प्रेस' लिहिलेलं आहे, मागे 'प्रेस' लिहिलेलं आहे, मागचं तर रात्री चमकणाऱ्या रेडियममध्ये आहे. ती दोन अक्षरं खरवडून काढली तर खाली स्कूटर अशी फारशी उरतच नाही! गावात मला बसायला खुर्ची मिळते ती त्या अक्षरांमुळे. घरातही मिळते ती त्यामुळेच.

एवढ्यात फाटक वाजलं. सुलतानाआपा! एका हातात पेपर, दुसऱ्या हातात वानरं हाकलायची काठी.

"धनराजभाऊ, माया सत्कार कवा झाला?"

"या ना आपा, बसा. रुखमा, चहा..."

"बसत नाई! सकाळपासून बाया घरी येऊन राह्यल्या. म्हणतात, आपा, शाल दाखवा. कोणती शाल दाखवू? इनायतची लुंगी दाखवू?" आपांनी पेपर उघडला. "अन् हे खालचं पाहा. परिश्रम म्हणे मीच घेतले! भाजीवाली म्हणते, आपा, तुमी तर लय हुशार निघाल्या, सोताच्या सत्काराले सोताच खुर्च्या मांडल्या! अन् हे काय? 'दुसरे माहेर, असे भावोद्गार काढले.' मी उभ्या जिंदगीत भावोद्गार काढले नाई! इनायतले विचारा!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. सिस्टरची इच्छा, गुपित, चार वाजताचा कार्यक्रम.

"म्हणजे झाला नाई अजून."

"नुकताच होणार हाये," मी म्हणालो.

आपांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की वानरं का पळतात ते मला पहिल्यांदा कळलं.

"मले सत्कार नको. खुलासा छापा."

"आपा, खुलासा छापला तर माया पेपर गेला! स्कूटरवरचं प्रेस खरवडावं लागन!"

"मी खरवडून देते. पत्रा मस्त निघते काथ्यानं," आपा म्हणाल्या. त्यांचा स्वभावच मदतीचा. मग चहाचा घोट घेऊन जरा शांत झाल्या. "पाहा भाऊ, माया नावानं खोटं छापलं असतं तर सोडून देलं असतं. पण शाळेच्या नावानं छापलं. सिस्टर लोकांनी आपल्याले शिकवलं का नाई, खोटं बोललं तर त्याच दिवशी निस्तरायचं? दोनच रस्ते हायेत. एक तर ही बातमी खरी करून दाखवा, नाई तर खुलासा. तुमचं पान कवा लागते?"

"सहाले."

"सहाच्या आत. शब्द न शब्द. मी पहिल्या रांगेत लाल पेन घेऊन बसते."

"म्हणजे तुमी येणार!" मी उडीच मारली.

"सत्काराले नाई. तपासाले."

मला वाटलं, जिंकलो! सगळं ठरलेलंच तर आहे. मंडप ठरला, पाहुणे ठरले, नाच ठरला. मी स्कूटर काढली आणि आधी बिरजूकडे गेलो. बिरजू दुकानात पाय लांब करून पडला होता.

"अबे, मंडप कुठी हाये?"

"आष्टीच्या लग्नात पाठवला ना भाऊ. तुमचा कार्यक्रम झाला म्हणून."

"कोणी सांगितलं झाला?"

"पेपरानं."

"अरे, मंडप बांधणारा तू! तुले माहीत नाई का बांधला का नाई ते?"

"मले वाटलं, पोट्ट्याईनं बांधून सोडला असन. तुमी 'भव्य' लिहिलं ना भाऊ! मी बायकोले वाचून दाखवलं." बिरजूचा चेहरा उजळला होता. "आपल्या मंडपाले आजपर्यंत कोणी भव्य म्हटलं नव्हतं."

खुर्च्याही आष्टीला, चांगला माईकही आष्टीला! एक फुटका कर्णा आणि एक तार लोंबणारा माईक उरला होता, तो मी उचलला. तिथूनच रेंजर साहेबांना फोन लावला.

"वाचलं, वाचलं!" साहेब कुजबुजत्या आवाजात बोलले. "'जंगल आणि शाळा, दोन्ही राखणाऱ्यांमुळे टिकतात.' छान बोललो हो मी. मिसेसनं कात्रण फ्रिजला लावलं."

हे वाक्य बातमीत होतं की नव्हतं, हे आठवायला मला वेळ नव्हता. नव्हतं. बहुधा साहेबांनी वाचता वाचता स्वतःच घातलं असावं.

"साहेब, ते भाषण अजून व्हायचं हाये. आज चार वाजता."

"पुन्हा?"

"पुन्हा नाई, पयल्यांदा!"

"धनराजभाऊ, मी नाल्यात बसलो आहे. समोर झुडपात वाघानं गाय मारून ठेवली आहे आणि तो तिथेच आहे. मी आज कुठंही येऊ शकत नाही."

"फोनवर बोला साहेब! फोन माईकाले लावतो. दोनच शब्द. मार्मिक."

साहेब भले माणूस. तयार झाले.

लालसूभाऊ मला चहाच्या टपरीवर भेटले. पायाशी ढोल, हातात बशी. एकटेच.

"संच कुठी हाये, लालसूभाऊ?"

"सकाळीच आलो होतो दादा, जीपनं. टपरीवाल्यानं पेपर वाचून दाखवला. नाचून झालं म्हणे आमचं. बायांनी म्हटलं, झालं तर चला, मोहफुलं वेचाचं काम पडलं हाये. जीप परत गेली. मी मिठाचं पोतं घ्याले थांबलो." लालसूभाऊंनी चहा फुंकला. "पण चांगलं आलं हो पेपरात."

वाचकहो, इतकी वर्षं मी पेपरवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून झटलो. तो बसला आहे हे मला त्या दिवशी कळलं! स्वतःचे पाय नाचले की नाहीत, हे लोक पेपरात पाहतात!

लालसूभाऊंना ढोल आणि मिठाच्या पोत्यासकट स्कूटरवर घेऊन शाळेत पोचलो. सिस्टर रोझिली ऑफिसात पेपरसमोर हात जोडून बसल्या होत्या.

"धनराजजी, यात मी 'अश्रू आवरत' प्रास्ताविक केले असे आहे."

"हो सिस्टर. ते आज करायचं हाये."

"मला अश्रू येत नाहीत. मी गणित शिकवते."

"अन् सिस्टर, रेलाचा संच परत गेला. तुमाले आणि मॅडम लोकाईले नाचावं लागन. लालसूभाऊ शिकवतात. सोपं असते."

सिस्टरनी भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहिलं. तिकडून काही हरकत आली नसावी. त्यांनी उठून चपला नीट बांधल्या.

चार वाजले. भव्य मंडप म्हणून धान झाकायची ताडपत्री दोन कडुनिंबांना ताणून बांधली होती. तिच्यावर कोणा शेतकऱ्याचं नाव होतं, तेही उलटं. खुर्च्या वर्गातल्या. पहिल्या रांगेत सुलतानाआपा पेपर मांडीवर घेऊन, लाल पेनचं टोपण काढून बसलेल्या. आणि प्रेक्षक? 'मोठ्या संख्येने उपस्थित'चं कसं करायचं या चिंतेत मी होतो, तो फाटकातून माणसांचा लोंढाच आला! पुढे इनायतभाई, मागे अर्धा चौक.

"आमाले काऊन नाई बोलावलं?" भाजीवाली ओरडली.

"आपाचा सत्कार लपूनछपून केला! सिस्टर, हे बराबर नाई!"

"जाब देल्याशिवाय आमी हलणार नाई!"

"बसा! बसून जाब विचारा!" मी म्हणालो आणि भराभर बाकं सरकवली. ते बसले. आपांनी बातमीत बरोबरची खूण केली.

दीपप्रज्वलन झालं. मग लालसूभाऊंनी ढोल वाजवला आणि सिस्टर रोझिली, दोन मॅडम आणि रुखमा एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला नाचल्या. रुखमा का, ते विचारू नका. तिला नवी साडी दाखवायची होती. सगळ्या डावीकडे निघाल्या की सिस्टर उजवीकडे निघत. "सिस्टरबाई, पाय नका मोजू! ऐका नुसतं!" लालसूभाऊ ओरडत होते. पण गणिताची बाई मोजल्याशिवाय थांबते होय! शेवटी साखळीच वळून त्यांच्या मागे गेली. जाब विचारायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता मार्मिक भाषण. मी फोन माईकला टेकवला. कर्ण्यातून रेंजर साहेबांचा कुजबुजता आवाज आला, "जंगल आणि शाळा... दोन्ही..." सगळे कान टवकारून पुढे झुकले. एवढं शांत भाषण गावात कधी झालं नव्हतं. पाहुणे काहीतरी फार खोल बोलत आहेत असं वाटून लोक श्वाससुद्धा जपून घेत होते. मग मोठा विराम. आणि मग, आणखी खालच्या आवाजात, "कोणीही पळू नका. हळूहळू मागे सरका. पाठ दाखवू नका. त्याच्या डोळ्यात पाहू नका."

पूर्ण सभा बाकांसकट मागे सरकली! कोणी पाठ दाखवली नाही. लहान पोरांचे डोळे आयांनी पदरानं झाकले. इनायतभाई तर माझ्याकडेही बघेनात.

"साहेब त्याईच्या माणसाईले सांगून राह्यले! वाघ तिकडं हाये! इकडं नाई!" मी ओरडलो.

पण पुढे मोकळी जागा झाली होती, आणि ती कडुनिंबावरच्या वानरांनी केव्हाची हेरलेली. धपाधप उड्या पडल्या! एकानं श्रीफळ उचललं. दुसरं शालीत शिरलं. तिसरं माईकसमोर बसून कर्ण्यात खाकरलं, तेव्हा पलीकडून रेंजर साहेबांनी विचारलं, "आता कोण बोलतंय?"

आपांनी पेन आणि पेपर खुर्चीवर ठेवला. त्या तपासायला आल्या होत्या, ऊठबस करायला नाही. पण शाळेत वानर शिरलं आणि आपा बसून राहिल्या, हे त्यांच्या हाडातच नाही. काठी घेऊन त्या स्वयंपाकखोलीकडे धावल्या आणि पेटतं घमेलं घेऊन आल्या. त्यात ओंजळभर वाळल्या मिरच्या!

धुराचा असा लोट उठला की ताडपत्री दिसेना. वानरं श्रीफळासकट गेली. आम्हाला जायला जागा नव्हती. अर्धा चौक ढसाढसा रडत होता. भाजीवाली रडत होती, बिरजू रडत होता, तो कधी आला होता देव जाणे. लालसूभाऊ ढोलाआड तोंड लपवून रडत होते.

"सिस्टर!" धुरातून आपांचा आवाज आला. "याच टायमाले करून टाका प्रास्ताविक!"

सिस्टर रोझिलींनी गालांवरून धारा वाहत असताना, हुंदके देत, खोकत आपांच्या सेवेचा आढावा घेतला. अश्रू आवरत नव्हते, पण आवरायचा प्रयत्न स्पष्ट दिसत होता. फाटलेली शाल आपांच्या खांद्यावर टाकली. श्रीफळाऐवजी लालसूभाऊंनी मिठाचं पोतं उघडून ओंजळभर मीठ दिलं. आपांनी डोळे पुसत पेपर घेतला आणि खुणांवर खुणा केल्या.

"श्रीफळ?" मी घाबरत विचारलं.

"देलं होतं. वानरानं नेलं. धरते," आपा म्हणाल्या. "परिश्रमही धरते. घेतलेच मी. आता एकच राह्यलं."

भावोद्गार!

सहाला थोडाच वेळ होता. मी माईक त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "आपा, एकच वाक्य. म्हणून टाका."

"म्हण ना बेगम!" मागून इनायतभाई म्हणाले. "घरी अजून पाहुणे बसले हायेत!"

आपांनी पेपर डोळ्यांसमोर धरला, वाक्य वाचलं, आणि पेपर खाली केला.

"मायं मायेर सिरोंच्याले हाये," त्या म्हणाल्या. "भाऊ चांगला हाये. वहिनी चांगली हाये. पण दोन दिवस झाले की वहिनी विचारते, परतीची गाडी कोणती? तिचं चूक नाई, घर लहान हाये. इथी मी रोज येते. किती सिस्टर आल्या, किती बदलून गेल्या. एकीनंबी मले विचारलं नाई का सुलताना, तू परत कवा जाते? मंग हे मायेर कसं? मायेराहून तर माणसाले परत जा लागते."

आणि त्या खाली बसल्या.

सिस्टर रोझिली पुन्हा डोळे पुसत होत्या. धूर तोवर विरला होता.

आपांनी पेपर माझ्या हातात दिला. सगळीकडे लाल खुणा, एका वाक्याभोवती गोल. "बाकी पास," त्या म्हणाल्या. "हे नापास."

मी गप्प राहिलो असतो तर चंद्रपूरला कोणाला कळणार होतं! पण सभेत त्या जे बोलल्या ते माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच एखादं वाक्य कानांनी ऐकून लिहून घेतलं होतं. हात आवरेना. शाळेच्या पायरीवर बसून मी खुलासा लिहिला. माझाच, माझ्यावर. आपा काय म्हणाल्या ते सबंध लिहिलं. स्कूटरकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि पाठवून दिला. टॉवर नेमका त्या दिवशी चालू होता!

रविवारी पेपर उघडला. सातव्या पानावर, परत आलेल्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीच्या चाकाला चिकटून, नखाएवढी चौकट होती. मालकांना ती ट्रॅक्टरच्या जाहिरातीचाच भाग वाटली असावी, कारण माझं ओळखपत्र अजून खिशात आहे. चौकटीत एवढंच होतं :

'खुलासा : कोसमटोला येथील सत्काराच्या वृत्तात "ही शाळा म्हणजे माझे दुसरे माहेर आहे" असे प्रसिद्ध झाले होते. ते "पहिले माहेर" असे वाचावे.'

मी लोकेशला फोन केला. आवाज चढवूनच.

"भाऊ, तुम्ही पाठवलं एवढं, जागा होती एवढी," लोकेश म्हणाला. "मी सार काढलं. दुसरं नाही म्हणता, मग पहिलंच असणार ना!"

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. आवाज भारदस्त.

"सिरोंच्याहून बोलून राह्यलो. सुलतानाचा भाऊ, अल्ताफ. तुमीच का ते पेपरवाले?"

"हो भाऊ, नमस्कार..."

"शाळा तिचं पयलं मायेर, तर आमी कोण? बसस्टँड?"

मी बरंच समजावलं. अल्ताफभाई ऐकेनात. त्यांना खुलाशावर खुलासा हवा आहे, आणि लोकेश म्हणतो, आता जागा नाही. मी आपांकडे गेलो. त्या फाटकावर नखं तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिरोंच्याच्या गाडीची वेळ सांगितली. त्यांना पाठच आहे.

"मी येत नाई, मले इथी काम हाये. तुमी जाऊन या. अल्ताफले जिलेबी आवडते, ती घेऊन जा," त्या म्हणाल्या. "अन् भाऊ, तिथी जाऊन काही लिहू नका. पाय पडा अन् निघा."